पर्सी, भाला आणि राजाचा डोळा

भाच्याने शाळेच्या प्रकल्पात एक फॉरवर्ड जसंच्या तसं उतरवलं, म्हणून हे लिहावं लागतंय. त्यातली गोष्ट अशी: १०९३ साली स्कॉटलंडचा राजा माल्कम तिसरा याने उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅनिकच्या किल्ल्याला वेढा घातला. आतला एक शिपाई भाल्याच्या टोकावर चाव्या अडकवून शरण आला आणि त्याने तो भाला राजाच्या डोळ्यात खुपसला. डोळा भोसकला, म्हणजे इंग्रजीत 'पिअर्स आय', म्हणून इंग्लंडच्या एका सरदार घराण्याचं आडनाव पर्सी! पुढे म्हणे, हे घराणं १०६६ पासून, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून, अखंड नॉर्मन रक्ताचं. आणि तुम्ही पर्सी असाल तर पैसे भरा, कुलचिन्ह घरपोच.

१०६६ ला आलेल्या घराण्याला १०९३ पर्यंत नावच नव्हतं की काय?

होतं. १०८६ ची इंग्लंडची जमीन-मोजणी, डूम्सडे बुक, उघडा. यॉर्कशर आणि लिंकनशरमध्ये विल्यम द पर्सी या सरदाराच्या जमिनी गावागणिक नोंदल्या आहेत. राजा मरायच्या सात वर्षं आधी! ही एक नोंद गोष्ट संपवायला पुरेशी आहे. पण शब्द तरी कुठे जुळतात? या सरदारांची भाषा फ्रेंच, ते डोळ्याला 'आय' म्हणतील कशाला? त्यांच्या जमिनी कसणाऱ्या इंग्रज कुळांच्या तोंडी तेव्हा डोळ्याला 'एआगे' होतं, आणि 'पिअर्स' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधूनच आला, तोही दोनेकशे वर्षांनी.

पर्सी हे नॉर्मंडीतल्या गावाचं नाव. या नावाची दोन गावं आहेत आणि घराणं नेमकं कुठलं यावर अजून वाद चालतो. गावाचं नाव पर्सिअस या रोमन नावाला 'आकुम' प्रत्यय लागून झालं; तो प्रत्यय झिजून 'ई' उरला. ट्रेसी, लेसी तशीच. 'द पर्सी' म्हणजे सरळ आपलं 'पर्सीकर'.

खरं एवढंच, की माल्कम अ‍ॅनिकजवळच १३ नोव्हेंबर १०९३ ला मारला गेला. पण मारणारा मोरेल, नॉर्थंबरलंडच्या अर्लचा कारभारी. पर्सींनी अ‍ॅनिक घेतलं १३०९ साली, डरहॅमच्या बिशपकडून, रीतसर विकत.

अखंड रक्ताचं म्हणाल, तर पुरुषवंश बाराव्या शतकातच खुंटला. वारस अ‍ॅग्नेसने लूव्हेनच्या (आजच्या बेल्जियममधल्या) जॉसलिनशी लग्न केलं आणि मुलांनी आईचं आडनाव लावलं. १६७० मध्ये पुरुषवंश पुन्हा खुंटला. घराण्याचे आजचे प्रमुख, नॉर्थंबरलंडचे ड्यूक, ज्यांचे वंशज, ते ह्यू स्मिथसन १७५० साली संसदेच्या कायद्याने पर्सी झाले. (त्यांच्याच अनौरस मुलाच्या पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन ही संग्रहालयांची संस्था उभी राहिली.) १०६६ चा विजय मिळवून देणाऱ्या हेस्टिंग्जच्या लढाईत नक्की होते अशी नावं मोजकी आहेत, त्यांत पर्सी नाही.

आता कुलचिन्ह. इंग्लंडमध्ये ते आडनावाला मिळतच नाही. एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आणि देतं ते १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स. वंश दाखवायचा तर आजच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जावं लागतं: जुलै १८३७ पर्यंत सरकारी नोंदी, त्याआधी चर्चची दफ्तरं, तीही फार तर १५३८ पर्यंत. मधली एक पिढी निसटली की साखळी तुटली. घरपोच येतो तो नुसता छापील कागद.