कोरियन पोरांच्या चुका आणि आमच्या घरातली मराठी बंद?

काल रात्री वहिनीने फॅमिली ग्रुपवर तो कोरियावाला फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, आजपासून चिकूशी घरात फक्त इंग्लिश. चिकू साडेतीन वर्षांचा आहे. म्हणून लिहायला बसलोय, एरवी असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

तर फॉरवर्ड म्हणतो, कोरियात पोरं तिसरीपासून इंग्लिश शिकतात तरी कॉलेजात त्यांना इंग्लिशमधलं साधं ‘अ’ आणि ‘द’ (a, the) कुठे लावायचं कळत नाही, कारण घरात कोरियन बोलतात, सबब मातृभाषा बंद करा.

अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. कोरियनमध्ये ‘अ’, ‘द’ हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे अडखळतातच. एकुलता एक पोरगासुद्धा निबंधात ‘अवर मदर’ लिहून येतो, कारण त्यांच्यात आई ‘उरी’ म्हणजे आपली असते. पण आपण काय म्हणतो? ‘आमची आई म्हणते...’ आणि ‘अ’, ‘द’ मराठीत तरी कुठेयत? ‘जरी-तरी’च्या सवयीने आपण ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ ठोकतो, तेही ठोकतात. तरी मराठीत शिकून उत्तम इंग्लिश लिहिणारे ढिगाने आहेत, वहिनी स्वतः त्यातलीच.

खरी गोम फॉरवर्डवाल्याने सांगितलीच नाही. तिकडे कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते, सुनुंग. तिचा इतका दरारा की इंग्लिशचा ऐकायचा भाग चालू असताना देशभर विमानांना उड्डाण करू किंवा उतरू देत नाहीत. त्या पेपरात ४५ प्रश्न, ७० मिनिटं, १७ ऐकून आणि २८ वाचून सोडवायचे, आणि सगळेच्या सगळे पाचातला एक पर्याय निवडा टाइप. लिहायचं एक वाक्यही नाही! ज्याला मार्क नाहीत ते क्लासवाले कशाला घोटून घेतील, मग पोरगं पेपरात झकास मार्क काढतं आणि युनिव्हर्सिटीत पॅराग्राफ लिहायची वेळ आली की घाम फुटतो. यात घरी आईशी कोरियन बोलण्याचा काय संबंध?

बाकी कोरियन लोक मोबाईलला ‘हँडफोन’ म्हणतात म्हणून फॉरवर्डवाला हसलाय. बरं मग, आपण मीटिंग ‘प्रीपोन’ करतोच की.

आणि फॉरवर्डची पहिलीच ओळ बघा, ‘लेट अस डिस्कस अबाउट कोरिया’. डिस्कसला अबाउट लागत नाही हो, कोरियन पोरांच्या निबंधात मास्तर नेमकं हेच खोडतात.