फॉलो फोकस घेतला की फोकस चुकत नाही?

शॉर्टफिल्म करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, आशय तोच: डीएसएलआरवर फिल्म करायची तर सगळ्यात आधी फॉलो फोकस, म्हणजे लेन्सची फोकस रिंग बाजूच्या मुठीने फिरवणारं यंत्र, घ्या. तो लावला की फोकस चुकत नाही. कुठल्याही लेन्सवर बसतो. बघायला कॅमेऱ्याचा स्क्रीन पुरतो, वर पीकिंगचा रंग (शार्प कडांवर चढणारा) दिसला की निर्धास्त राहा. एवढं करूनही एखादा शॉट मऊ, म्हणजे धूसर, आलाच, तर एडिटमध्ये शार्प करता येतो.

हे वाचून बरेच जण पहिली पदरमोड फॉलो फोकसवरच करतात. माझ्या मते ती खरेदी यादीत सगळ्यात शेवटी यायला हवी. एकेक मुद्दा घेऊ.

“फोकस चुकत नाही.” फॉलो फोकस म्हणजे लेन्सच्या फोकस रिंगवर चढवलेला दातेरी पट्टा, त्याला भिडणारं गिअर आणि बाजूला एक गोल मूठ. मूठ फिरवली की रिंग फिरते. हात लेन्सवर नसल्यामुळे फ्रेम हलत नाही, रिंग संथ आणि सलग फिरते, आणि मुठीमागच्या पांढऱ्या चकतीवर मार्करने खुणा करता येतात. या तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत, नाकारायचं काही कारण नाही. पण खूण नेमकी कुठे करायची हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. ते कुणीतरी बघून किंवा मोजून ठरवावं लागतं. मोठ्या सेटवर फोकस सांभाळणारा माणूस, म्हणजे फोकस पुलर, तेच करतो. कॅमेऱ्याच्या बॉडीवर एक छोटं वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेली रेघ असते. सेन्सर आत नेमका कुठे आहे, याची ती खूण. तिथून नटाच्या डोळ्यापर्यंत टेप लावायची, नट जिथे थांबणार तिथे जमिनीवर चिकटपट्टी मारायची, एक रिहर्सल करायची आणि मग चकतीवर खूण. हे न करता नुसती मूठ फिरवली, तर चुकीच्या जागी फोकस अगदी सफाईने जातो.

आणि चुकायला जागा किती असते? फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ १.८ इतकं उघडं, नट दोन मीटरवर: फोकसमध्ये राहणारी खोली साधारण सहा सेंटीमीटर. डोळे शार्प असतील तर कान मऊ. नट संवाद म्हणताना जरा पुढे झुकला की संपलं. तिथेच अ‍ॅपर्चर लहान करून एफ ४ केलं तर ही खोली तेरा सेंटीमीटरच्या आसपास जाते. त्याच अंतरावर ५० मिमीची लेन्स एफ ४ वर लावली तर अडतीस सेंटीमीटर. फ्रेम मोठी होईल, प्रकाश वाढवावा लागेल, पण नवं काही विकत न घेता फोकस पुलरला श्वास घ्यायला जागा मिळते. मुळात ३५ मिमीच्या फिल्मवर सिनेमा व्हायचा तेव्हा त्याची चौकट आजच्या एपीएस-सी सेन्सरच्या जवळपास होती, फुल फ्रेमपेक्षा बरीच लहान. अ‍ॅपर्चर सताड उघडून जी पातळ खोली आपण ‘सिनेमॅटिक’ म्हणून मिरवतो, ती बहुतेक सिनेमांत त्या टोकाला जाऊन कधी नव्हतीच.

“कुठल्याही लेन्सवर बसतो.” बसतो, पण उपयोगी पडेलच असं नाही. या सल्ल्यातली सगळ्यात महाग चूक हीच.

कॅननच्या ईएफ माउंटमधल्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) ज्या यूएसएम मोटरच्या लेन्स आपल्याकडे सर्रास दिसतात, त्यांपैकी बहुतेकांची रिंग टोकाला पोचली तरी अडत नाही, फिरतच राहते. टोकाच्या पलीकडे ती एकदा फिरली की रिंग आणि आतली भिंगं यांचं नातं सरकतं आणि चकतीवरच्या खुणा खोट्या ठरतात. एसटीएम या दुसऱ्या प्रकारच्या मोटरच्या लेन्समध्ये तर रिंग आणि भिंगं यांचा थेट जोडच नसतो. रिंग फक्त मोटरला इशारा देते. कॅमेरा बंद असला तर ती कितीही फिरवा, आत काही हलत नाही. अशा लेन्सवर खुणा करून त्यांच्यावर विसंबता येत नाही. शिवाय फोटोच्या लेन्स झटपट ऑटोफोकससाठी बनवलेल्या असतात. जवळच्या टोकापासून अनंतापर्यंतचा सगळा प्रवास अनेकदा पाव वळशाच्या आसपास उरकतो. सिनेमाच्या लेन्सवर तोच प्रवास २७० ते ३०० अंशांचा असतो. म्हणजे दोन मीटरवरून तीन मीटरवर येताना फोटोच्या लेन्सवर रिंग जेमतेम हलते, आणि स्वस्तातल्या फॉलो फोकसच्या गिअरमध्ये तेवढी ढिलाई तर आधीच असते. मूठ थोडी फिरते, रिंग जागच्या जागी.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: मॅन्युअल लेन्स. निकॉनच्या जुन्या एआय-एस मालिकेच्या किंवा आटे असलेल्या एम ४२ माउंटच्या लेन्स दोन्ही टोकांना पक्क्या अडतात आणि बऱ्यापैकी लांब फिरतात. निकॉनचा माउंट सेन्सरपासून ४६.५ मिमीवर, एम ४२ चा ४५.४६ मिमीवर, कॅनन ईएफचा ४४ मिमीवर. पहिली दोन अंतरं कॅननपेक्षा जास्त, त्यामुळे मधल्या जागेत पातळ अडॅप्टर घालून दोन्ही कॅननवर बसतात आणि अनंतापर्यंत फोकस होतात. गंमत म्हणजे कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स असा साधा अडॅप्टर लावून चालत नाहीत, कारण त्यांचं अंतर ४२ मिमी, म्हणजे ईएफपेक्षा कमी. निकॉनची रिंग कॅननच्या उलट दिशेने फिरते, एवढं हाताला आधी शिकवून ठेवा. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशी लेन्स मिळाली, तर मोबाइलचा टॉर्च आतून मारून बघा. आपल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते.

“कॅमेऱ्याचा स्क्रीन पुरतो.” ज्या कॅमेऱ्यामुळे हे सगळं वेड पसरलं, त्या २००८ च्या कॅनन ५डी मार्क टूचं उदाहरण घ्या. तीन इंची स्क्रीन, ९ लाख २० हजार ठिपके. एका पिक्सेलला तीन ठिपके लागतात, म्हणजे खरे पिक्सेल ६४० बाय ४८०. त्यात व्हिडिओची चौकट रुंद असल्याने वर-खाली पट्ट्या जातात आणि चित्राला उरतात ६४० बाय ३६०. रेकॉर्ड होतंय १९२० बाय १०८०. म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या चित्राचा नववा हिस्सा पाहून आपण फोकस ठरवतो आणि थिएटरच्या पडद्यावर तो नऊपट उघडा पडतो. व्हिडिओ चालू असताना आरसा वर गेलेला असतो, त्यामुळे डोळा लावायची खिडकीही अंधारी.

म्हणून पहिला खर्च दिसण्यावर हवा. स्क्रीनवर बसणारा लूप उन्हाची चमक अडवतो, चित्र मोठं दाखवतो आणि डोळ्याला टेकल्यामुळे हातातला कॅमेरा स्थिर होतो. पिक्सेल मात्र तो वाढवत नाही. बाहेरचा मॉनिटर वाढवतो, पण घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचं वागणं तपासा: मार्क टू रेकॉर्डिंग सुरू होताच मॉनिटरकडे जाणारं एचडीएमआयचं चित्र ४८० ओळींवर आणतो, कॅननचाच ७डी तसं करत नाही. आणि एक सोय फुकटची आहे. रेकॉर्डिंगआधी लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करून नटाच्या पापणीवर फोकस लावा, खूण करा, मग रोल. मार्क टूवर रेकॉर्डिंग चालू असताना असं मोठं करता येत नाही, म्हणून ही सवय आधीची.

“पीकिंगचा रंग दिसला की निर्धास्त.” मार्क टूमध्ये पीकिंग नव्हतंच. पुढे मॅजिक लँटर्न या कॅमेऱ्यात घालायच्या मोफत सॉफ्टवेअरने ते आणलं. पीकिंग फोकस मोजत नाही, ते ठळक कडा शोधून रंगवतं. चौकड्यांचा शर्ट किंवा खिडकीचे गज थोडे मऊ असले तरी रंगतात, आणि मंद उजेडातला चेहरा शार्प असूनही कोरा राहतो. लहान केलेल्या चित्रावर तर सगळंच असावं त्यापेक्षा शार्प भासतं. फोकस पुढे चाललाय की मागे, एवढं त्यातून कळतं.

“एडिटमध्ये शार्प करू.” मऊ शॉटमध्ये जो तपशील उमटलाच नाही, तो शार्पनिंगने येत नाही. ८ बिटच्या दाबलेल्या फाइलमध्ये उलट नॉइज (चित्रातले दाणे) आणि चौकोन ठळक होतात.

याच्या विरुद्ध टोकाचा सल्लाही हल्ली ऐकू येतो: ऑटोफोकस आलाय, हे सगळं भंगारात काढा. २०१३ च्या ७०डी कॅमेऱ्यापासून कॅननचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस खरोखर चांगला आहे. एकट्याने डॉक्युमेंटरी करणाऱ्याने तो बेलाशक वापरावा. पण दोघांच्या शॉटमध्ये बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर नेमक्या कुठल्या शब्दाला जायचं, हे त्याला कोण सांगणार?

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: टेप आणि चिकटपट्टी, मग लूप किंवा मॉनिटर, मग टोकाला अडणारी एखादी मॅन्युअल लेन्स, आणि फोकससाठी वेगळा माणूस, जो रिहर्सललाही हजर असेल. फॉलो फोकस शूटच्या दिवसांपुरता भाड्याने आणा. आणताना तो ज्यांच्यावर बसतो ते रॉड १५ मिमीचे आहेत ना, लेन्सवरचा पट्टा आणि गिअर दोन्ही ०.८ मॉड्यूलचे (दातांचं माप) आहेत ना, आणि मूठ उलटसुलट फिरवल्यावर रिंग लगेच हलते ना, हे दुकानातच बघून घ्या.