डायल गेज

दुपारी अडीचच्या बसने भाचा परतला तो ओसरीवर चपला न काढताच बसला. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंटरव्ह्यू होता. आयटीआय फिटर, दोन वर्षांचा कोर्स, मार्क चांगले, वर एक वर्षाची अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली उमेदवारी. तिचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या कव्हरात घालून नेलं होतं. तिथल्या इंजिनीअरने फाईल उघडलीसुद्धा नाही. सरळ शॉपवर नेलं, पंप आणि मोटर दाखवली, हातात डायल गेज दिलं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा दाखवणारं घड्याळासारखं मोजमापाचं साधन, आणि म्हणाला, अलाइनमेंट करून दाखव, दोघांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, एका रेषेत आण.

पोरगा खरं बोलला. "सर, मी हे कधी हातात घेतलेलं नाही."

"मग वर्षभर काय करत होतास?"

वर्षभर तो एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये खोक्यांवर स्टिकर लावत होता. चवथीला आला तेव्हाच म्हणाला होता, "मामा, पिवळ्या पट्टीच्या आत पाऊल टाकू देत नाहीत." मी मोठा शहाणा. म्हटलं, धीर धर, नवीन माणसाला लगेच कोण मशीन देतो? पुढे देतील. बारा महिने संपले, स्टिकर संपले नाहीत.

आणि हेच कारखानदार उद्या व्यासपीठावर बसून सांगणार, गोव्यात कुशल मुलं मिळत नाहीत हो. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या काही औषध कंपन्यांनी गोव्यातल्या नोकऱ्यांच्या मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या तेव्हा आपण सगळ्यांनी इथे फेसबुकवर केवढा आरडाओरडा केला. मीही केला. पण इंटरव्ह्यू पणजीत घेतला असता तरी आमच्या पोराच्या हातात डायल गेज आलं असतं का? तो सिंधुदुर्गाचा मुलगा आपली नोकरी खातो म्हणून बोंबलायला सोपं. त्याला कुणीतरी मशीन उघडून दाखवलंय, आमच्याला नाही दाखवलं. फरक एवढाच.

कायदा नाही असं नाही. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, माझ्याहून म्हातारा. ३० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि त्यात कंत्राटी माणसंही मोजायची. २०१६ पासून केंद्राची योजना आहे. अप्रेंटिसच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार भरतं. म्हणजे डोकी मोजली जातात, पैसे मोजले जातात. पोराने या वर्षात किती बेअरिंग काढली, किती बसवली, हे कुणी मोजतं का? स्टिकर लावणारा आणि गिअरबॉक्स खोलणारा, दोघांना सर्टिफिकेट एकच.

हो, औषधाचा कारखाना आहे, शिकाऊ पोराला टॅब्लेटच्या मशीनवर सोडता येत नाही, माहीत आहे मला. पण युटिलिटीत, म्हणजे कारखान्याला पाणी-हवा पुरवणाऱ्या खात्यात, पंप आहेत, ब्लोअर आहेत, कूलिंग टॉवर आहे. तिथे कुणाची गोळी बिघडणार होती?

आता दुसरी बाजू, म्हणजे आपली सरकारी बाजू. "उद्योगांना हवं ते शिकवा" हे वाक्य मी प्रत्येक भाषणात ऐकतो. ऐकून कान किटले. आम्ही डिचोलीवाल्यांनी ते करून बघितलंय की! खाणींना हवं ते शिकलो. कोणी टिप्पर चालवायला शिकला, कोणी टिप्पर दुरुस्त करायला, माझ्यासारखे बार्जच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटींच्या, वर्कशॉपमध्ये गेले. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. पुन्हा थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. दारासमोर उभ्या टिप्परच्या टायरांतून गवत वर आलेलं मी पाहिलंय. ज्याला फक्त खाणीचंच येत होतं तो घरी बसला. मी बसलो नाही, आणि त्यात माझी हुशारी काहीच नाही. आमच्या मेस्ताने, म्हणजे शिकवणाऱ्या मुख्य कारागिराने, पहिले तीन महिने मला एक लोखंडी ठोकळा आणि कानस दिली होती. घास. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फट दिसली की म्हणायचा, "परत." त्या माणसाने मला बार्ज शिकवली नाही, फट बघायला शिकवली. म्हणून बार्ज गेली तरी औषध कंपनीत मला काम मिळालं.

तेव्हा कंपनीने आयटीआयला यादी पाठवायची आणि आयटीआयने त्या मापाची पोरं कापून द्यायची, हे मला मंजूर नाही. कंपनीला फिटर हवा ना? मग वर्षातले काही महिने तिच्या मेस्ताने शिकवावं, आणि पोराला दोन-चार खाती फिरवावीत. ड्युअल सिस्टम म्हणून तशी सोय आहेच कागदावर, आयटीआय आणि कारखाना मिळून शिकवायचं. पण मेस्त पगारात शिकवणार कधी? त्याला ब्रेकडाउनला वेळ पुरत नाही.

आणि आमची पोरं? सरकारी जागांची जाहिरात आली की अप्रेंटिसशिप अर्ध्यावर टाकून अर्ज भरायला पळतात. मान्य. पुढे बोला.

खरं तर इथवर लिहून थांबणार होतो. पण एक सांगायचं राहिलंय आणि ते गिळून ही पोस्ट टाकली तर मी ढोंगी ठरेन. मेंटेनन्सला माझ्याही हाताखाली गेल्या वर्षी तीन अप्रेंटिस होते. दोघांना मी फिरवलं. तिसरा जरा बुजरा, पेडण्याहून यायचा, प्रश्न विचारायचा नाही. शटडाउनच्या गडबडीत मी त्याला नट-बोल्ट साइजप्रमाणे लावायला बसवलं आणि विसरलो. चक्क विसरलो. दोन महिने तो डबे लावत होता आणि मी येता-जाता "शाबास" म्हणत होतो. आज भाचा ओसरीवर बसला तेव्हा मला आधी तो मुलगा आठवला. त्यालाही कुठेतरी कुणीतरी विचारलं असेल, वर्षभर काय करत होतास?

चार वाजता भाच्याला कुळागरात, आमच्या बागायतीत, घेऊन गेलो. तिथे जुना कपलिंगचा पंप आहे, मोटर वेगळी, पंप वेगळा. माझं डायल गेज पेटीतून काढलं. मॅग्नेट पंपाच्या बाजूला, काडी मोटरच्या फ्लँजवर, वर शून्य, आणि दोन्ही शाफ्ट एकत्र अर्धा फेरा. पहिल्यांदा त्याचं रीडिंग ५० आलं, कारण शून्य लावायलाच विसरला. दुसऱ्यांदा ३६. मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच परत शून्य लावलं, परत फिरवलं. ३६. म्हणजे ३६ घरं, त्याचं निम्मं १८, मोटर ०.१८ मिलिमीटर खाली. "मामा, म्हणजे मोटरच्या चारी पायांखाली शीमचे पातळ पत्रे?" म्हणाला आणि हसला. दुपारपासून पहिल्यांदा.

अंधार पडला म्हणून शीम घालायचे राहिले. माझ्या डबीत ०.१० चे आहेत, ०.०५ चे गंजलेत. डिचोली-साखळीच्या बाजूला कुणाकडे पातळ शीमचा पत्रा असेल तर सांगा, सकाळी येऊन नेतो. आणि पेडण्याचा तो मुलगा कुणाच्या ओळखीत असेल, गेल्या वर्षी आमच्याकडे होता, उंच, डाव्या हाताने लिहायचा, तर त्याला सांगा की मी शोधतोय. रविवारी पंप उघडाच ठेवतो.