दोन नमुन्यांमधला आवाज हरवत नाही

डिजिटल ध्वनिमुद्रणाविषयीचा एक मजकूर, जिन्यासारख्या आलेखासह, वारंवार पुढे पाठवला जातो. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे ठरावीक क्षणांना मोजलेल्या तरंगाच्या किमती, असतात, दोन नमुन्यांमधला आवाज कायमचा गळतो, म्हणून सलग तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा आवाज ऐकू येतो, उंच स्वरांच्या एका आवर्तनाला जेमतेम दोन नमुने मिळतात, आणि २२.७ मायक्रोसेकंदांहून सूक्ष्म कालभेद नोंदवलाच जात नाही, असे त्याचे म्हणणे आहे. यातले आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र एकही टिकत नाही.

पहिला मुद्दा गळतीचा. आलेखावर नमुने ठिपक्यांसारखे मांडले, तर त्या ठिपक्यांतून अगणित वक्र काढता येतात हे खरे. परंतु नमुने घेण्याआधी २२,०५० हर्ट्झ आणि त्यावरचे घटक फिल्टरने काढलेले असतात, आणि ही अट पाळणारा वक्र त्या ठिपक्यांतून एकच जातो. समजा, असे दोन वेगळे वक्र निघाले. त्यांची वजाबाकी प्रत्येक नमुन्याच्या क्षणी शून्य असेल. पण सेकंदाला ४४,१०० वेळा समान अंतराने शून्यावर येणारा तरंग सर्वत्र शून्य नसेल, तर त्यात २२,०५० हर्ट्झ किंवा त्याहून वरचा घटक असावाच लागतो, आणि तो आपण आधीच वगळला आहे. व्हिटेकर (१९१५), कोटेल्निकोव्ह (१९३३) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून हा सिद्धान्त पक्का झाला. मधली किंमत काढण्याची रीतही त्यातच आहे: प्रत्येक नमुन्याभोवती असा एक वक्र मांडायचा, जो त्या क्षणी सर्वोच्च, इतर सर्व नमुन्यांच्या क्षणी शून्य आणि दोन्ही बाजूंना हळूहळू विरणारा असतो, आणि मग या सर्वांची बेरीज करायची. म्हणजे मधला बिंदू शेजारच्या दोन ठिपक्यांना सरळ रेषेने जोडून मिळत नाही. त्याला दूरचे नमुनेही घडवतात.

पायऱ्या काही परिवर्तकांच्या, म्हणजे नमुन्यांच्या आकड्यांचा पुन्हा विद्युत तरंग करणाऱ्या भागांच्या, आत खरोखर असतात, कारण पुढचा नमुना येईपर्यंत ते आधीची किंमत धरून ठेवतात. पण त्यामुळे तरंगात जी नवी भर पडते, ती सगळी २२,०५० हर्ट्झच्या वर असते: १,००० हर्ट्झच्या स्वरासाठी ती ४३,१०० आणि ४५,१०० हर्ट्झपासून सुरू होते, आणि पुढचा फिल्टर ती काढून टाकतो. २०,००० हर्ट्झजवळ सुमारे ३.२ डेसिबलची घट होते, तीही भरून काढता येते. फिलिप्सच्या पहिल्या पिढीच्या प्लेअरमध्येच मधले नमुने गणिताने काढून दर १,७६,४०० केला जात असे.

दोन नमुन्यांच्या आक्षेपाकडे मी सर्वाधिक लक्ष वेधेन, कारण त्याच्या तपासणीत सिद्धान्ताचे बळ दिसते. ११,०२५ हर्ट्झचा साइन तरंग घ्या. प्रत्येक आवर्तनात चार नमुने येतील. ते शिखरांच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले, तर प्रत्येकाची किंमत अधिक किंवा उणे ०.७०७ भरते, आणि १.० हे खरे शिखर एकाही नमुन्यात नसते. तरीही पुनर्रचित तरंग १.० पर्यंत, म्हणजे सुमारे ३ डेसिबल वर जातो. केवळ नमुन्यांची कमाल पातळी पाहून आवाज वाढवला, की शेवटी शिखरे छाटली जाण्याचा धोका उद्भवतो तो यामुळेच, आणि खरे शिखर मोजणारी मापके म्हणूनच मधल्या किमती काढून पाहतात. एक अट मात्र कडक आहे: नमुन्यांचा दर सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा. नेमका दुप्पट असेल, तर सगळे नमुने शून्यावर पडू शकतात.

कालभेदाच्या आक्षेपाला एक हिशेब पुरेसा आहे. नोंदवता येणाऱ्या कमाल पातळीचा १,००० हर्ट्झचा स्वर १ मायक्रोसेकंद पुढे सरकवला, तर शून्याजवळच्या नमुन्याची किंमत सीडीच्या १६-बिट मोजणीत (जिथे किमतीची एकूण ६५,५३६ एकके असतात) २०० हून अधिक एककांनी बदलते. सरकलेला काळ नमुन्यांच्या अंतरात नव्हे, त्यांच्या किमतींत नोंदला जातो.

खरी अडचण मजकुरात कुठेच आलेली नाही. ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्झपासून २२,०५० पर्यंतच्या अरुंद पट्ट्यात फिल्टरला वरचे सर्व काही अडवावे लागते. तो अपुरा पडला, तर २५,००० हर्ट्झचा घटक १९,१०० हर्ट्झवर येऊन बसतो, आणि मूळ आवाजापासून तो नंतर वेगळा करता येत नाही. ध्वनिमुद्रण करताना ९६,००० चा दर निवडण्यामागे हे सबळ कारण आहे, कारण तिथे फिल्टरला सावकाश उतरायला जागा मिळते.