कापलेला कोपरा उजवीकडे

पहाटेचे सहा. चर्चच्या तळघरात मी गुडघ्यांवर बसून प्लगपॉइंट शोधत होते. तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, म्हणजे आबांचा चहा झालेला होता, म्हणजे आबा सल्ला द्यायला मोकळे होते.

"मॉक पोल घेतला का?"

"इथे नसतो आबा. यंत्रं आधीच तपासून पाठवतात."

"कोणी तपासली? तू होतीस का तिथे? पन्नास मतं तरी टाकून बघावीत माणसानं."

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पत्र्याच्या मतपेटीच्या काळात इलेक्शन ड्यूटी केलेली. मिनेसोटातल्या आमच्या उपनगरात मुलगी मतदान केंद्रावर बसणार म्हटल्यावर त्यांना माझ्या अमेरिकन नागरिकत्वाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग दिसला होता.

"आणि खोकं कुठल्या तोंडाला ठेवलंयस?"

"आबा, सातला दार उघडायचंय. ठेवते." दोन्ही अर्थांनी ठेवला. फोन ठेवला, आणि यंत्र जिथे वायर पोचली तिथे ठेवलं.

तारीख होती 5 नोव्हेंबर 2024. अध्यक्षीय निवडणूक. ट्रेनिंगमध्ये "कोणाला यंत्र सांभाळायला आवडेल?" असं विचारल्यावर बाकीचे सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघू लागले आणि मी मान वर केली, एवढाच माझा गुन्हा.

यंत्र म्हणजे मत मोजणारं नव्हे. ते मत मोजत नाही, साठवत नाही, फक्त तुमच्यासाठी मतपत्रिकेवर खूण छापून देतं. म्हणजे प्लगला लावायचं पेन. 2000 साली फ्लोरिडात अर्धवट टोचलेल्या मतपत्रिकांनी अख्ख्या देशाला निकालासाठी पाच आठवडे टांगून ठेवलं, त्यानंतर 2002 मध्ये कायदा झाला. त्यात एक चांगली गोष्ट होऊन गेली. अंध किंवा दिव्यांग मतदाराला कोणाचाही हात न धरता, गुपचूप, स्वतःचं मत स्वतः देता आलं पाहिजे, आणि त्यासाठी 2006 पासून प्रत्येक केंद्रावर असं किमान एक यंत्र पाहिजेच.

ते पेटीतून बाहेर काढणं हा मात्र एक विधी आहे. पेटीला प्लास्टिकचं सील, सीलवर नंबर. तो यादीतल्या नंबराशी जुळवायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. दोघं दोन वेगवेगळ्या पक्षांचे पाहिजेत. मुलाकडचे आणि मुलीकडचे समोरासमोर बसून दागिने मोजतात, तसं. माझा जोडीदार दुसऱ्या पक्षाचा, सहा फूट उंच, जन्माने मिनेसोटाचा, म्हणजे बोलण्याच्या बाबतीत काटकसरी. मी नंबर वाचला, तो "हं" म्हणाला. दिवसभरातला आमचा राजकीय संवाद एवढाच.

मग सील कापलं. आतून हेडफोन निघाला, त्यावर घालायच्या कागदी टोप्या निघाल्या, ब्रेल अक्षरांचं कीपॅड निघालं आणि या सगळ्यांच्या वायरींची एक वेणी निघाली. ती सोडवण्यात वीस मिनिटं गेली. त्यानंतर कार्ड. साधी मतपत्रिका लांबरुंद, दोन्ही बाजूंनी छापलेली. यंत्रात घालायचं कार्ड अरुंद आणि कोरं, एक कोपरा कापलेलं. कापलेला कोपरा उजवीकडे ठेवून सरकवायचं. मी डावीकडे ठेवून सरकवलं. यंत्राने ते शांतपणे जीभ काढावी तसं बाहेर काढलं. चार वेळा.

खरी गोम या अरुंद कार्डातच होती. ट्रेनिंगच्या बाईंनी ती जाता जाता सांगितली आणि मला मात्र ती दिवसभर पुरली. समजा दिवसभरात एकाच मतदाराने यंत्र वापरलं. मग रात्री पेटी उघडल्यावर शेकडो लांबरुंद मतपत्रिकांमध्ये एकच अरुंद कार्ड. ते कोणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्या गुप्ततेसाठी एवढा खटाटोप, नेमकं त्याचंच मत उघड्यावर. म्हणून आणखी चार जणांनी तरी ते वापरायला हवं. म्हणजे माझं काम यंत्र चालवणं हे नव्हतंच. माझं काम गिऱ्हाईक आणणं हे होतं.

त्यातून कोणाला "तुम्हाला काही त्रास आहे का?" असं विचारायचं नाही. सगळ्यांना सारखंच, एकाच सुरात विचारायचं, "कागदावर की यंत्रावर?" तुळशीबागेत उभं राहिल्यासारखी मी सातपासून विचारत होते. पण मिनेसोटाची माणसं भयंकर सभ्य. "नको नको, ज्यांना गरज आहे त्यांना राहू दे." दिव्यांगांच्या पार्किंगच्या जागेत गाडी लावू नये, तसं ते यंत्रापासून चार हात लांबून जात. उद्धटपणाला उत्तर देता येतं, या चांगुलपणापुढे मी हात टेकले.

अकरापर्यंत एक कार्ड. माझं. माझं नाव त्याच केंद्रावर होतं, म्हणून मीच एकदा गिऱ्हाईक झाले.

दुपारी फराळ. भाऊबीज परवाच झालेली, त्यामुळे डबाभर चकल्या नेल्या होत्या. जोडीदाराने एक खाल्ली आणि थोडा विचार करून आणखी पाच खाल्ल्या. त्यानंतर स्क्रीन पुसायला गेला आणि भाजणीचं तेल त्यावर अशा बेताने पसरवलं, की अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार एकाच धुक्यात गेले.

दीडला अठरा वर्षांचा एक मुलगा आला, आयुष्यातलं पहिलं मत. यंत्र बघून म्हणाला, "हे कूल आहे." मी त्याला ओवाळायचीच बाकी होते. दोन कार्डं. त्यानंतर एका आजोबांनी चश्मा घरी विसरल्याचं कबूल केलं. अक्षरं मोठी करता येतात म्हटल्यावर बसले. तीन.

चारच्या सुमारास पांढरी काठी घेतलेल्या एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. मी ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "हे कीपॅड, यावर ब्रेल..."

"माहीत आहे. मी दर वेळी वापरते." बोटं कीपॅडवरून एकदा फिरवली. "स्क्रीन काळा केलात का?"

नव्हता केला. ऐकून मत देणाऱ्याला स्क्रीनचा उपयोग नाही, म्हणून तो काळा करायची सोय असते. नाहीतर मतदार ऐकत बसणार आणि बाकीचे बघत बसणार.

"आणि यंत्राचं तोंड कुठे आहे?"

मी मागे वळून पाहिलं. यंत्राचं तोंड थेट रांगेकडे. रांगेत वीसएक माणसं, सगळी सभ्यपणे छताकडे बघत होती. सकाळपासून तिघांनी, त्यात मीही आले, या वीस जणांसमोर मतं दिली होती. तेरा हजार किलोमीटरवरून आबांनी विचारलं होतं ते हेच.

टेबल फिरवायचं तर वायर पुरेना. तेव्हा माझा जोडीदार दिवसभरातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलला, "कॉफीच्या भांड्याला एक्स्टेन्शन आहे." आणि केंद्रातल्या यच्चयावत कर्मचाऱ्यांच्या देखत त्याने कॉफीचा प्लग उपटला. या राज्यात, नोव्हेंबरात, याला शौर्य म्हणतात.

बाईंनी हेडफोन लावला आणि आवाजाचा वेग वाढवला. बाहेर झिरपत होतं ते शेवटच्या मंगलाष्टकाला भटजींना दुसरं लग्न आठवावं तसं. अध्यक्ष, सिनेटर, लॉटरीच्या पैशातून पर्यावरण निधीला हिस्सा देण्याची घटनादुरुस्ती, मृद व जलसंधारण जिल्ह्याचे पर्यवेक्षक, न्यायाधीश. मी सकाळी त्या पर्यवेक्षकांपाशी दमले होते. बाईंनी एकही जागा सोडली नाही. कार्ड बाहेर आल्यावर ते पुन्हा आत घालून, आपण दिलेलं सगळं बरोबर छापलंय ना, ते ऐकून घेतलं. कोपरा उजवीकडे, पहिल्याच फटक्यात. मग काठी टेकत स्वतः जाऊन मोजणीच्या यंत्रात सोडलं आणि लाल स्टिकर मागून घेतला. जाताना म्हणाल्या, "स्क्रीन जरा पुसा. बोटाला काहीतरी तिखट लागलं."

रात्री नऊला आबांचा फोन. "किती झाली यंत्रावर?"

"चार."

"बरं. आणि तोंड?"

"फिरवलं."

"कधी?" मी चकल्या संपल्याचं सांगितलं.

पंधरा दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. आबा सत्त्याऐंशीचे, त्यांना घरून मत देता आलं असतं. पण "पलंगाभोवती दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक शूटिंगवाला, मग ते मत कसलं, ते बारसं" म्हणून त्यांनी फॉर्मच भरला नव्हता. दादा त्यांना रिक्षाने केंद्रावर घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला, आवाज घामाघूम.

"आबा आत जाईनात. म्हणाले, पुठ्ठ्याचं खोकं खिडकीसमोर ठेवलंय, बाहेरून दिसतं. केंद्राध्यक्ष पोरगेलासा मास्तर, तो म्हणतोय काका तुम्ही मत द्या मग बघू. आबा म्हणाले, आधी खोकं, मग मत. मागे ही एवढी रांग."

"मग?"

"मग काय, फिरवलं त्यानं. पण वायर पुरेना, गं."