रंगाऱ्याचा रोलर: ‘एक रसिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलरने रंग पसरायचे. त्यांच्या कामाच्या पद्धतीवर गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखावर ‘एक रसिक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून काल झोपले. सकाळी शाळेत जाताना लोकलमध्येही तीच वाक्यं डोक्यात होती, म्हणून आता लिहायला बसले आहे. हे दोन ओळींत मावणार नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यांचं म्हणणं असं: ज्यांना रेखाटन जमत नाही ते अमूर्ताकडे, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या चित्रांकडे, वळतात. अपघातानंतर गायतोंड्यांनी कायमचं काम थांबवलं हे मी लिहिलेलं चुकीचं आहे. लेखात किमती आहेत, पण समोरचं चित्र पाहायचं कसं, याबद्दल एक ओळही नाही. आणि शेवटी, “रोलर तर आमच्याकडे भिंती रंगवायला येतो तोही फिरवतो, त्याला कोणी साधना म्हणत नाही. बाईंनी जरा अभ्यास करून लिहावं.”

आधी भाषेबद्दल. मतभेद मला नवे नाहीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये असताना आमची चित्रं वर्गात भिंतीला लावून सगळ्यांसमोर सोलली जायची आणि आम्ही उभ्याने ऐकायचो. पण सोलणारा समोर असायचा आणि त्याचं स्वतःचं चित्र शेजारी लावलेलं असायचं. तुम्ही नाव लिहीत नाही, स्वतः काय करता ते सांगत नाही आणि मला अभ्यास करायला सांगता. ‘बाईंनी’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरला आहे तो सूर मी तीस वर्षं ऐकते आहे, त्यामुळे तो मला लगेच ओळखू येतो. हेच लेखकाचं नाव पुरुषाचं असतं तर तुम्ही ‘साहेबांनी’ लिहिलं असतं का, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. १९८४च्या अपघातानंतर त्यांना मोठ्या कॅनव्हासवर काम करता येईना, ते बरीच वर्षं तैलरंगापासून दूर राहिले, पण थांबले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली आणि पुढे ते तैलरंगाकडे परतलेही. १९९५चं तैलचित्र आहे, म्हणजे ‘कायमचं’ हा शब्द चूकच होता. हे मला माहीत होतं, लिहिण्याच्या ओघात वाक्य सैल सुटलं. चूक ती चूक.

पण रोलरचं ते वाक्य मी सोडणार नाही.

माझे बाबा भिंती रंगवायचे. परळ-लालबागच्या चाळींत दसरा-दिवाळीच्या आधी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. तुमच्याकडे ‘येतो’ तो माणूस माझ्या घरात वडील होता. त्यामुळे हे वाक्य मला चित्रकार म्हणून लागलं त्याहून जास्त रंगाऱ्याची मुलगी म्हणून लागलं. एका वाक्यात तुम्ही दोघांना कमी लेखलंत. गायतोंड्यांना खाली ओढायला तुम्हाला दुसरा माणूस सापडला नाही, रोजावर काम करणाराच सापडला.

भिंत रंगवणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझी पहिली चित्रशाळा तीच होती. कळीचा चुना पिंपात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, आदल्या रात्री भिजवलेला सरस शिजवून त्यात घालायचा, म्हणजे भिंतीला टेकलं तर कपड्याला पांढरं लागत नाही. मग चिमूटभर नीळ, पिवळट झाक मारायला. भिंतीच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरायची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची, हात फिरवून बघायची, पुन्हा घासायची. रंग लागेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं, आणि ते कोणाच्या नजरेस पडत नसे. चुन्याचा पहिला हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो. काही लावलंच नाही असं वाटतं. नवखा माणूस घाबरून त्यावर लगेच दुसरा हात मारतो आणि मग पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. बाबा बिडी पेटवून बसून राहायचे. मी दुसरीत-तिसरीत असेन, शेजारी बसून भिंत हळूहळू पांढरी होताना बघायची. “वाळू दे, मग बोलेल ती,” एवढंच ते म्हणायचे.

आता माझ्या खोलीत या. साठ इंच बाय चाळीस इंचाचा कॅनव्हास ताणला की त्याला पहिला हात सरसाचाच असतो. तेल सरळ कापडात मुरलं तर काही वर्षांत कापड कुजतं, म्हणून कापड आणि तेल यांच्यामध्ये सरस हवा. बाबांच्या पिंपातला आणि माझ्या पातेल्यातला, दोन्हींचा वास सारखाच येतो. त्यावर पांढरी भूमी, म्हणजे रंगाखालचं अस्तर, ती घासायची, पुन्हा भूमी. मग पातळ तैलरंगाचे थर. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं आणि त्याला त्याचा वेळ लागतो. रॉ अंबर दोन-तीन दिवसांत बोटाला लागेनासा होतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, आणि जुलैत डोंबिवलीच्या दमटपणात माझा एकेक थर तीन आठवडे खातो. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम मोडला की वरचा थर आधी आखडतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला भेगा जातात. हे मी पुस्तकातून आधी वाचलं आणि नंतर भोगलं. १९९९ साली एका प्रदर्शनाची तारीख गाठायला मी चार थर आठ दिवसांत चढवले. चित्र विकलं गेलं, दीड वर्षाने भेगाळलेलं परत आलं, मी पैसे परत केले. बाबांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, “घाई कोणाला होती?”

रोलर या सगळ्याच्या शेवटी येतो. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या पातळ सुरीने, रंग पसरायचे, मध्येच खरवडून काढायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. कागद थोडा रंग सोबत नेतो, थोडा मागे ठेवतो, आणि खालचा थर आतून उजेड आल्यासारखा दिसू लागतो. मी हे करून बघितलेलं आहे, एकदा नाही, शेकडो वेळा. रोलरचा दाब मनगटातून दिला तर कडेला रेघ उठते, तो खांद्यातून द्यावा लागतो. रंग किती ओढून घट्ट झाला आहे ते रोलरच्या आवाजावरून कळतं. पातळ असला तर आवाज नाही, चिकट झाला की चटचट वाजतो, आणि त्या दोहोंमधली जी काही मिनिटं असतात तेवढ्यातच कागद उचलावा लागतो. बाबांना भिंतीवर जोड दिसू द्यायचा नसायचा. मला तो हवा तिथे दिसू द्यायचा असतो. पण जोड कुठे येणार हे दोघांनाही आधी कळावं लागतं. तेव्हा हो, रंगारीही रोलर फिरवतो. माझ्या लेखी हा गायतोंड्यांवरचा आक्षेपच होत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे तर कॅनव्हासवर एनॅमल वापरत, दारं-खिडक्यांना लावतात तोच रंग. त्यांनाही सांगणार का, की हा रंग आमच्या सुताराकडे असतो?

माझ्या पहिल्या प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाकी सगळे चित्रासमोर उभे राहत होते. ते भिंतीला गाल लागेल इतके बाजूला जाऊन, तिरप्या उजेडात कॅनव्हास बघत होते, चाळीत नवी भिंत तपासायचे तसे. तिसऱ्या चित्रापाशी थांबून म्हणाले, “इथे दोन हात कमी पडलेत.” त्या चित्राचं कौतुक करणाऱ्या एकालाही ते दिसलं नव्हतं. ते खरं होतं, तिथे मी कंटाळून थांबले होते. तुम्ही जिला साधना म्हणत नाही ती नजर त्या माणसाकडे होती, आणि ती मला कुठल्याही वर्गात मिळाली नाही.

रेखाटनाबद्दल फार लिहीत नाही, हा आरोप इतका जुना आहे की त्याचा कंटाळा आला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत मला ‘ए’ होता. कॉलेजात असताना व्हीटीच्या फलाटावर झोपलेल्या माणसांची इतकी स्केचेस केली की तिथले हमाल मला ओळखत. गायतोंडे १९४८मध्ये जे. जे.तून बाहेर पडले आणि त्यांची सुरुवातीची कामं माणसांचीच आहेत, भारतीय लघुचित्रांच्या सपाट रंगांकडे बघून केलेली. न येणारा माणूस सोडून देतो, हा तुमचा समज आहे. येणाराही सोडून देऊ शकतो. शिवाय त्यांना स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्दही पसंत नव्हता. एवढं पुरे.

राहिला किमतींचा आणि ‘चित्र पाहायचं कसं’ हा मुद्दा. २०१३च्या मुंबईतल्या लिलावात २३.७ कोटींना गेलेल्या चित्राचा उल्लेख माझ्या लेखात एकदाच आहे, एका ओळीत. तुम्हाला तेवढीच ओळ दिसली असेल तर मी काय करू? बघायचं कसं यावर वेगळं लिहिता येईल, तो त्या लेखाचा विषय नव्हता. लेख काम करण्याबद्दल होता. वर्षाला पाच-सहाच चित्रं का होतात, बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एका खोलीत, माणूस दिवसभर कॅनव्हाससमोर नुसता बसून का राहतो, त्याबद्दल.

अपघाताचं वाक्य आज दुपारी बदललं आहे. चूक दाखवणाऱ्याचं नाव मी नेहमी खाली देते. इथे फक्त ‘एक वाचक’ लिहिलं आहे, कारण तुम्ही दुसरं काही दिलेलं नाही. नाव कळवलंत तर घालीन. पण ‘भिंती रंगवायला येतो तो’ हे वाक्य मागे घेतल्याशिवाय पुढच्या प्रतिक्रियेला माझ्याकडून उत्तर येणार नाही.