दोदोल

माझी सासुरवाडी गोव्यातल्या काणकोणची. आमच्या मार्दोळहून पन्नास-साठ किलोमीटर, वाटेत करमळ घाट. गेली कित्येक वर्षं मी तिकडचं जाणं टाळत आलो ते एकाच वाक्याच्या जोरावर : "गाडी जुनी झालीय, एवढी लांब कशाला दामटायची?" वाक्य बिनतोड होतं. आमची मारुती ८०० आहे १९९९ ची. पंधरा वर्षांनी पासिंग झालं, पुढे दर पाच वर्षांनी होत राहिलं आणि दर वेळी मला आपणच पास झाल्यासारखं वाटत राहिलं.

गाडी मी फुलासारखी जपली. सकाळी मंगेशीच्या शाळेत, दीड-दोन किलोमीटर. दुपारी परत. मध्येच कधी नुस्तें, म्हणजे मासे, आणायला, कधी देवळात. इंजिन जरा कोमट होतंय तोवर आम्ही पोचलेलो असायचो. ऑइल बदलायचं ते पाच हजार किलोमीटरला, आमचे वर्षाला जेमतेम अकराशे व्हायचे. तेव्हा पुढचं ऑइल थेट निवृत्तीनंतर, असा माझा हिशोब. पुस्तकात 'किंवा सहा महिने, जे आधी होईल ते' असंही छापलेलं असतं. तीस वर्षं मुलांना मराठीचं व्याकरण शिकवून मी 'किंवा' या विकल्पबोधक उभयान्वयी अव्ययाकडे काणाडोळा केला.

ऑगस्टातल्या एका सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडी न्यूट्रलवर घुरघुरत असताना डॅशबोर्डवर लाल झारी लुकलुकली. तीच ती, टोकाला थेंब लोंबणारी, ऑइलचा दाब उतरल्याची खूण. ॲक्सिलरेटर दाबला की विझायची, सोडला की पेटायची. घरी येऊन ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून पिवळसर पांढरा साय-साय थर. बोट लावलं. थेट ताकावरचं लोणी.

"अहो, त्यात दूध ओतलंत की काय?" बायको म्हणाली.

शेजारच्या भाईंनी कुंपणावरूनच हेड गॅस्केट गेल्याचं, म्हणजे रेडिएटरचं पाणी ऑइलात शिरल्याचं, जाहीर केलं. रेडिएटरचं पाणी मात्र तसूभरही उतरलेलं नव्हतं. मग हे पाणी आलं कुठून? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं. थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये झिरपतं. इंजिन नीट तापलं, तर तेही उडून जातं. आमचं कधी तापलंच नव्हतं! त्यात हा पावसाळा, जेव्हा आमच्या कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. झाकणाखालचं लोणी ही नुसती प्रस्तावना. टॉर्च मारून आत पाहिलं, तर कॅमच्या आजूबाजूला काळंभोर, चकचकीत काहीतरी साचलेलं होतं.

भाईंचा उपाय तयार होता : लिटरभर डिझेल घाला, दहा मिनिटं चालू ठेवा, सगळं धुऊन निघेल. डिझेलला वंगण म्हणावं तर मग आमच्या घरच्या पेजेला बासुंदी म्हणावं लागेल. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा शहाणा समजतो, म्हणून दुकानातून इंजिन फ्लशची बाटली आणली. जुन्या ऑइलात ओतली, इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि गाडीखाली सरपटत जाऊन ड्रेन बोल्ट सोडला. खाली ठेवला होता तो टब बायकोचा, भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं रसात बुडवायचा. हे मला ठाऊक नव्हतं, असं मी अजूनही म्हणतो. कढत ऑइल आधी कोपरापर्यंत आलं, मग टबात. नवा फिल्टर, नवं ऑइल, संध्याकाळी देवाला नारळ.

दुसऱ्या दिवशी झारी लुकलुकली नाही. ती कायमची पेटली.

मेस्त, म्हणजे आमचा मेकॅनिक, आला. वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ फ्लशने एकदम सुटला आणि खाली ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसला, हे त्याने चेंबर उतरवायच्या आधीच सांगितलं. "लगेच बंद केली ना, सर? मग वाचली." चेंबर उतरवलं. आत पाहून तो काही वेळ बोललाच नाही. मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर एक गोळा उचलून माझ्यासमोर धरला. तो खाली पडला नाही. लोंबला, ताणला गेला आणि पुन्हा वर आला.

"सर, हें तेल न्हय. दोदोल."

नारळाचा रस आणि गूळ तासन् तास ढवळला की जो काळा, तुळतुळीत दोदोल होतो, हुबेहूब तसा. नाताळात शेजारून ताट येतं, त्यातला मी सगळ्यात आधी तोच उचलायचो. यंदा कठीण आहे.

त्याने जाळी काढून पेट्रोलमध्ये धुतली. टॅपेट कव्हर उघडून प्लॅस्टिकच्या पट्टीने गाळ खरवडला, कपड्याने टिपला. आत तुकडा पडू नये म्हणून एकेक चमचा उचलावा तसा. वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी तुंबून दगड झाली होती, ती बदलली. जुनं ऑइल त्याने डब्यात भरून नेलं, गॅरेजच्या ड्रममध्ये टाकायला. आमच्या माडांच्या आळ्यात नाही, विहिरीच्या आसपास तर नाहीच नाही. टब मात्र मला ठेवून घ्यायला सांगितलं. बायकोनेही.

जाताना त्याने पथ्य सांगितलं. हे ऑइल हजार किलोमीटरवर फेका, राहिलेला गाळ हळूहळू त्याच्याबरोबर जाईल. आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब काढा. इंजिन तासभर तरी चांगलं तापू दे. "गाडी चलोवंक जाय, सर. पुजेक दवरपाची न्हय." गाडी चालवायला हवी, पूजेला ठेवायची नव्हे.

"लांब म्हणजे किती?" बायकोने दारातून विचारलं.

"पन्नास-साठ किलोमीटर. वाटेत एखादा घाट असला तर बरंच."

परवाच्या रविवारी बोरीचा पूल ओलांडला, मडगाव, कुंकळ्ळी झाली, करमळच्या चढावर गाडीने हूं की चूं केलं नाही. मागच्या सीटवर सोलांचा नवा टब होता, सासूबाईंसाठी. मेस्त मूळचा काणकोणचा आहे, हे मला घाट उतरताना कळलं.